ऊन

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हिवाळा आला की 'ऊन' या शब्दाला दोन अर्थ येतात. एक मराठीतला, सकाळी दहाच्या सुमाराला धुके विरल्यावर गच्चीवर उतरणारा. दुसरा हिंदीतला, मराठीत ज्याला लोकर म्हणतात तो, वेताच्या टोपलीत गुंड्यांच्या रूपाने वसणारा. लष्कर भागातल्या एका जुन्या घरातील आजींच्या बोलण्यात हे दोन्ही अर्थ इतके मिसळून गेलेले आहेत, की त्यांनी गच्चीवरून 'ऊन घेऊन वर या' अशी हाक दिली तर खालच्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून 1810 च्या सुमाराला हे लष्कर वसले. आजींचे सासर त्या छावणीबरोबर आलेल्या घराण्यांपैकी. स्वतः आजी मात्र लग्न होऊन दक्षिणेतून आल्या. माहेरी थंडी अशी नव्हतीच. स्वेटर ही शाळेच्या सहलीला न्यायची वस्तू. इथे पहिल्याच पौषात बोटे बधिर झाली आणि शेजारच्या पंजाबी घरातल्या, वयाने चार-सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या सुनेने त्यांच्या हाती दोन सुया दिल्या. ती सून पुढे साऱ्या गल्लीची बीजी झाली. 1947 साली लायलपूरहून आईवडिलांबरोबर निघालेल्या त्या मुलीला विणकाम तिच्या आईने शिकवले होते, तेही वाटेतल्या निर्वासितांच्या छावणीत.

बीजींची शिकवण्याची रीत एका शब्दाची होती. 'वेखो.' पाहा. त्या विणत आणि आजी पाहत. बारा नंबरच्या बारीक सुयांवर काठ, दहा नंबरवर अंग, एवढेच काय ते बोलून सांगितलेले. बाकी सारे डोळ्यांनी उचलायचे. सुलट टाका मागून पाहिला की तोच उलट असतो, हे आजींना कोणी सांगितले नाही. तो शोध त्यांचा त्यांनाच लागला आणि कितीतरी दिवस त्या नवलात होत्या. हळूहळू गच्चीवरचा मेळा वाढला. समोरच्या मिश्र घराण्यातील भाभी आल्या, मागच्या गल्लीतील सिंधी मावशी आल्या. बोलणे हिंदीत चाले, फंदे हिंदीत पडत. पण टाके मोजताना जी ती आपल्या मनात आपल्या भाषेत मोजी. आजींच्या ओठांवर अठरा हा आकडा मराठीतच उमटत असे.

या मेळ्यात लाटेची वीण फक्त बीजींची. अंगावर घेतलेली शाल पाण्यासारखी हलते आहे असे वाटावे, अशी ती वीण. इतरांनी ती कधी शिकून घेतली नाही. घाई कसली, बीजी आहेतच, असे प्रत्येकीला वाटे. एका जानेवारीत बीजी गेल्या. महिन्याभराने त्यांच्या सुनेने एक पिशवी आणून आजींच्या मांडीवर ठेवली. आत हिरव्या लोकरीची अर्धी शाल होती, सुईवर टाके तसेच. 'आंटीजी, हमसे तो होगा नहीं,' एवढेच ती म्हणाली.

आजींनी ती शाल कित्येक दिवस उघडली नाही. मग एका सकाळी भिंग घेऊन बसल्या. विणलेले वाचता येते, हे विणणाऱ्या बाईलाच ठाऊक असते. जिथे भोक आहे तिथे लोकर पुढे घेतलेली आहे. जिथे दोन टाके एकावर एक कललेले आहेत तिथे दोनांचा एक केलेला आहे. भोके सहा, मिटवलेले टाके सहा. म्हणून लाट कितीही वळली तरी टाक्यांची संख्या ढळत नाही. अठरा टाक्यांचा एक फेर, चार ओळींची एक लाट. आणि त्या चारांपैकी तीन ओळी अगदी साध्या. सारी नक्षी एका तिसऱ्या ओळीत. इतकी वर्षे जे गूढ वाटत होते ते एवढेच होते, हे पाहून आजींना हसू आले आणि लगेच ते मावळले. एवढेच होते, तर विचारले का नाही?

त्याच आठवड्यात त्यांनी लिहून ठेवायचे ठरवले. वहीत लिहिले असते, पण बोटांच्या सांध्यांना आता पेन धरवत नव्हते. सुई मात्र धरवत होती, सवयीने. डिसेंबरच्या सुटीत बंगळुरूहून आलेल्या नातीने आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. 1991 साली भारतीय मानकात गेलेला इन्स्क्रिप्ट कळफलक तिने निवडला आणि कळांवर कागदाचे तुकडे डकवून अक्षरे लिहिली. स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. दोन हातांनी आळीपाळीने करायचे काम आजींना परके वाटले नाही. जोडाक्षराला मध्ये हलन्त लागतो हे कळल्यावर तर त्या म्हणाल्या, 'हे आपले दोनांचा एकच की.' अडले ते ऱ्हस्व इकाराशी. हाताने लिहिताना तो अक्षराच्या आधी येतो, इथे मागून द्यायचा. सत्तर वर्षांची हाताची सवय प्रत्येक 'कि'पाशी अडखळे.

पहिला मजकूर चार दिवसांत झाला. तो बंगळुरूला पोचला आणि नातीचा फोन आला. 'आजी, तिसरी ओल म्हणजे काय? लोकर तीन वेळा भिजवायची का?' हिंदी शाळेत शिकलेल्या त्या मुलीने कळांवर आपल्या ओळखीची अक्षरे तेवढी डकवली होती. त्यांत 'ळ' नव्हता. आजींनी नाइलाजाने सगळीकडे 'ल' घातला होता. ओळीची ओल झाली होती आणि वेळेची वेल. शेवटी 'ळ' सापडला तो 'ल'च्याच कळीवर, शिफ्ट दाबल्यावर. आजींनी सारा मजकूर पुन्हा पाहिला आणि एकेक 'ळ' जागेवर बसवला. दोनशे वर्षे या गावात आपल्या घरांनी हेच तर केले, असे त्या दिवशी त्या जेवताना सुनेला म्हणाल्या.

तरीही नातीची लाट नीट उठेना. फोटो पाहून आजींना चूक कळली. नक्षीनंतरची चौथी ओळ मागच्या बाजूने येते. मागच्या ओळी उलट विणायच्या, हा हाताचा धडा. त्या भरात त्यांनी 'उलट' लिहिले. बीजी मात्र ती ओळ सुलट विणीत आणि म्हणून लाटेच्या माथ्यावर एक बारीक उंचवटा उभा राही. भिंगातून तो दिसला होता, लिहिताना सुटला. तो शब्द दुरुस्त करून मजकूर पुन्हा गेला. त्यात आता वर एक ओळ जास्त होती: ही वीण बीजींची.

हिरवी शाल फाल्गुनात पुरी झाली. टाके तेच, सुया त्याच, लोकरही तीच. पण बीजींचा हात सैल होता आणि आजींचा घट्ट. उन्हासमोर धरली की कोणत्या ओळीपाशी हात बदलला ते स्पष्ट दिसते. उसवून पहिल्यापासून विणा, सारखी होईल, असे सिंधी मावशींनी सुचवले. आजींनी मान हलवली आणि शाल घडी घालून बीजींच्या सुनेकडे पाठवून दिली.