ठासणीचे दिवस

पेनसिल्व्हेनियात नाताळ उरकतो आणि दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, हरणांच्या शिकारीचा शेवटचा हंगाम उघडतो. रायफलवाल्यांची गर्दी तोवर ओसरलेली असते. जंगलावर बर्फ बसलेलं असतं, हरणं सावध झालेली असतात, आणि अजूनही ज्यांचे पाय घरात ठरत नाहीत असे थोडे लोक मागे उरलेले असतात. त्यांच्या हातात चकमकीची बंदूक असते. या हंगामात दुसरी चालतच नाही. १९७४ साली तो सुरू झाला तेव्हापासूनची ही अट आहे: दारू नळीच्या तोंडातून भरायची, गोळी ठासायची आणि ठिणगी गारेनंच पाडायची.

माझी लेक या राज्यात सून म्हणून गेली. तिच्या सासरी डिसेंबरचा शेवटचा आठवडा याच कामाचा. तिची बंदूक व्याह्यांनी घरच्या तळघरात स्वतः घडवली. अठराव्या शतकात लँकेस्टर परगण्यात वसलेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी मायदेशातल्या आखूड, जाड शिकारी बंदुकीला लांब, सडपातळ रूप दिलं. व्याह्यांची बंदूक त्याच वळणाची आहे. वाघासारखे पट्टे असलेल्या मेपलचं लाकूड, साडेतीन फुटांची नळी, दस्त्यात पितळी झाकणाचा छोटा कप्पा आणि झाकणाच्या टोकाला डेझीचं फूल. असं फूल कोरावं ते लँकेस्टरच्या कारागिरांनी. सुनेसाठी ते कोरताना व्याही किती रात्री जागले, ते विहीणबाईंनी मला सांगितलं. ते स्वतः काही बोलले नाहीत.

ती भरताना बघत राहावं. आधी मापानं ७० ग्रेन काळी दारू नळीत जाते. सोरा, कोळसा आणि गंधक. शंभरात साधारण ७५, १५ आणि १०. मग तेल लावलेली चिंधी नळीच्या तोंडावर, तिच्यावर अर्ध्या इंचाला जरा कमी अशी शिशाची गोल गोळी. हिकरीच्या गजानं ती खाली दाबत न्यायची, पार दारूला टेकेपर्यंत. मध्ये कुठे अडकली तर नळी फुटू शकते, म्हणून गजावर खूण केलेली असते. शेवटी नळीच्या बाजूच्या कानात चिमूटभर बारीक रंजक घालायची. घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली काळी गार वाटच बघत असते. गारठ्यानं बोटं आखडलेली असताना या सगळ्याला मिनिटभर तरी लागतं, आणि तेवढ्यात हरणानं डोंगर ओलांडलेला असतो. गोळी एकच आहे, असंच धरून चालायचं.

आणि मग ते निमिष. चाप ओढला की घोडा पडतो, गार पोलादावर घासते, ठिणग्या कानात झडतात, रंजक पेटते, ती आग बारीक छिद्रातून आत शिरते, तेव्हा कुठे बार होतो. डोळा लवण्याइतकाच हा वेळ, पण तो जाणवतो. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर भडका उडालेला असताना मान हलवायची नाही, पापणी मिटायची नाही, नेम सोडायचा नाही. उन्हाळाभर व्याही सुनेला दुसरं काही शिकवत नव्हते. काडतुसाच्या बंदुकीत चाप ओढला की माणूस मोकळा. इथे चाप ओढल्यावरही आपल्या निर्णयात पाय रोवून उभं राहावं लागतं. या हंगामाबद्दल मला जी आस्था वाटते ती त्या निमिषापोटी. जीव घेणं इतकं मोठं आहे की ते सोपं असू नये. ही बंदूक ते सोपं होऊ देत नाही.

मी सिंधुदुर्गातली. आमच्या घरीही ठासणीची बंदूक होती, केपाची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. भात पोटरीला आलं की आजोबा रात्री माळ्यावर जात आणि रानडुकरांची चाहूल लागली की हवेत बार काढत. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. म्हणून ‘आई, मी या वर्षी हरणाला जाणार’ असं लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही.

मग मी इथल्या रानाची कहाणी समजून घेतली. एकोणिसाव्या शतकात लाकडासाठी, आणि चामडी कमावायला लागणाऱ्या हेमलॉकच्या सालीसाठी, हे डोंगर बोडके केले गेले. हरणं विकण्यासाठी मारली गेली आणि शतक संपेपर्यंत जवळजवळ दिसेनाशी झाली. १८९५ साली राज्यानं वन्यजिवांसाठी आयोग नेमला, १९०६ साली मिशिगनहून हरणं आणून सोडली, १९०७ साली माद्यांना संरक्षण दिलं. वाचवलेली हरणं पुढे इतकी वाढली की उगवती रोपंच खाऊ लागली. आज काही रानांत म्हाताऱ्या झाडांखाली पोरं नाहीत. लांडगा इथून केव्हाच संपला. त्याची जागा माणसाला घ्यावी लागते, आणि परवान्याच्या पैशांतून हे शिकारीच जंगल राखतात. राज्याकडे शिकारीसाठी राखलेली जवळपास १५ लाख एकर जमीन आहे, तीही मोठ्या प्रमाणात याच पैशातून घेतलेली. माझी भीती यानं गेली नाही, पण तिला बसायला जागा मिळाली.

मीही लेकीबरोबर जायचं ठरवलं. हाक्यात चालायचं तरी परवाना लागतो, म्हणून मी शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग केला आणि बंदुकीविना निघाले. आमचा जथा मोठा गमतीचा: व्याही, विहीणबाई, लेक, जावई, त्याचा शाळासोबती, शेजारचा दूधवाला शेतकरी आणि त्याची नात. निम्मे लोक वर खिंडीत, पाणवाटेच्या तोंडाशी, पडक्या झाडाआड उभे राहतात. उरलेले खालून लॉरेलच्या झुडपांतून सावकाश चढतात. आमच्याकडच्या हाक्यासारखी आरोळी नाही, पत्र्यांचा आवाज नाही. दर थोड्या पावलांनी थांबायचं, बस. चालणाऱ्यापेक्षा थांबलेल्या माणसाला हरीण जास्त बिचकतं, असं शेतकऱ्यानं सांगितलं. शेजारचा माणूस झाडीत दिसेनासा झाला तरी तो कुठे असेल हे प्रत्येकाला ठाऊक हवं, कारण वरच्याची गोळी कुठे जाऊ नये हे त्यावर ठरतं. एकमेकांची अशी काळजीपूर्वक आठवण ठेवत मी दुसऱ्या कुठल्या माणसांना चालताना पाहिलेलं नाही.

एका सकाळी बर्फ भुरभुरत होतं. शेतकऱ्याच्या पुढ्यात नर आला. गार पडली, रंजक भस्सकन पेटली, आणि आत काहीच नाही. दारूला ओल आली होती. हरणानं त्या धुराकडे पाहिलं, पांढरी शेपूट उभारली आणि गेलं. दुपारी जेवताना ती हकीकत त्याला सगळ्यांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावली.

लेकीचा बार मी खालून ऐकला. कडाड असा नाही, जाड आणि खोल, डोंगरात घुमत गेलेला. वर पोचले तेव्हा पांढरा धूर अजून झाडांत रेंगाळत होता, गंधकाचा वास होता आणि ती गज खाली घालून पुन्हा बंदूक भरत होती, शिकवल्याप्रमाणे. अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. मग बर्फावरचा रक्ताचा माग धरून आम्ही गेलो. मादी फार लांब गेली नव्हती. लेक तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली, मानेवर हात ठेवून. व्याही टोपी काढून उभे राहिले. तिनं कानात परवान्याची चिठ्ठी बांधली आणि मग रडली. तिला कुणी गप्प केलं नाही. मीही नाही.

मांस कापण्याचं काम कोठारातल्या लांब टेबलावर, सगळ्यांनी मिळून. हरणाच्या अंगी चरबी कमी, म्हणून सॉसेजसाठी डुकराची मिसळतात. दूधवाल्याचा वाटा, शाळासोबत्याचा वाटा, पलीकडच्या एकट्या आजींचा वाटा. कुणाला दुसरं हरीण मिळालं तर ते खाटकाकडून अन्नपेढीला जातं. १९९१ पासून राज्यात अशी व्यवस्था आहे. मी मांडीचं मांस मागून घेतलं, फ्रीझरमधला खोवलेला नारळ कांद्याबरोबर भाजून वाटप केलं. विहीणबाईंनी एक जानेवारीला रिवाजाप्रमाणे डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी रांधला होता. दोन्ही पातेली एकाच टेबलावर रिकामी झाली.

पण त्याआधी बंदुका. काळ्या दारूची काजळी रातोरात लोखंड खाते, म्हणून कितीही दमले तरी त्याच संध्याकाळी धुवायच्या. स्वयंपाकघरात कढत साबणाचं पाणी, गजाला चिंध्या, मोरीत काळे ओघळ. लेक नळी उजेडाकडे धरून आटे तपासते, जावई गारेला धार काढतो. शेतकऱ्याची नात पुढच्या वर्षी बारा वर्षांची होणार; तिच्यासाठी नळी किती आखूड ठेवायची यावर व्याही आणि तिचे आजोबा हमरीतुमरीवर आलेले असतात, आणि ती मधेच सांगते की तिला लांबच हवी, काकूच्या बंदुकीएवढी.