कोरी फाइल, जुनी फाइल

एआय साहाय्यकावरून आमच्या टीममध्ये दोन तट पडलेत, आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलतात. मोबाइल ॲपचे नवे स्क्रीन करणारी मुलगी म्हणते, आठवड्याचं काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं. पतसंस्थांच्या व्याजाचा जुना कोड सांभाळणारे आमचे काका म्हणतात, "त्याचं तपासत बसण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं."

आकडेही असेच दोन तोंडांनी बोलतात. गिटहबच्या २०२२च्या प्रयोगात ९५ प्रोग्रामरना जावास्क्रिप्टमध्ये छोटा वेब सर्व्हर लिहायला दिला होता. कोपायलट हा एआय साहाय्यक वापरणाऱ्यांचा वेळ जवळपास ५६ टक्क्यांनी वाचला. २०२५मध्ये 'मीटर' या अमेरिकी संस्थेनं १६ मुरलेल्या प्रोग्रामरना त्यांच्याच ओपन सोर्स प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआयची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. वर काम संपल्यावर त्यांचा अंदाज काय, तर आपला २० टक्के वेळ वाचला! म्हणजे चहाच्या टपरीवर आपण छातीठोकपणे सांगतो त्या वेगाची किंमत किती, ते बघा.

माझ्या मते फरक माणसांच्या हुशारीचा नाही, वयाचाही नाही. फाइल कोरी आहे की जुनी, याचा आहे. पीटर नाउर या डॅनिश संगणकतज्ज्ञानं १९८५मध्येच मांडलं होतं की प्रोग्राम म्हणजे नुसता मजकूर नव्हे. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज हाच खरा प्रोग्राम. कोऱ्या फाइलीत ही समज अजून कुणाकडेच नसते, त्यामुळे यंत्र बिनधास्त धावतं. जुन्या फाइलीत मात्र ती माणसांच्या डोक्यात असते, आणि यंत्र तिथे पोचत नाही.

काकांच्या कोडमध्ये मुदतीआधी मोडलेल्या ठेवीच्या व्याजाचे पैसे पूर्णांकात आणणारी एक अट आहे. दिसायला अगदी फालतू. साहाय्यकानं ती 'अनावश्यक' म्हणून काढली, कोड सुटसुटीत केला, सगळ्या टेस्ट पास. रिव्ह्यू करताना काका तिथेच थांबले. ती अट एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेत झालेल्या भांडणातून आली होती. सभासद काही पैशांसाठी तासभर भांडले होते, आणि त्यांचं बरोबर होतं. हे भांडण ना कोडमध्ये लिहिलेलं, ना टेस्टमध्ये. यंत्रानं ते वाचायचं कुठून?

मी स्वतः टेस्टचे सांगाडे, एसक्यूएल क्वेरी, लांबलचक लॉग वाचणं, असली कामं बेलाशक साहाय्यकावर सोपवतो. व्याजाला मात्र हात लावू देत नाही.

टीम लीड मंडळींना एकच विनंती. अप्रेझलच्या फॉर्मात त्या मुलीचा आणि काकांचा वेग एकाच रकान्यात मोजू नका. आणि काका निवृत्त व्हायच्या आत त्यांच्याशेजारी बसून ती सगळी भांडणं कमेंटमध्ये लिहून घ्या, मराठीत लिहिली तरी चालेल.