गेल्या पावसाळ्यापासून कुठे कुठे होतास?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धाकट्या डहाणूच्या खाडीवर रंगाचा आणि डिझेलचा वास भरलेला असतो. १ जूनला लागलेली मासेमारीबंदी ३१ तारखेला संपते, त्याआत बोटी तयार करायच्या असतात. त्या घाईत मी तांडेलांच्या ओट्यावर बसून औषधांच्या पेट्या भरते. ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, उलटीच्या गोळ्या, भाजल्यावरचं मलम, पट्ट्या. झाकणाच्या आतून एक कागद चिकटवते. पाखटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात जखम अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. पण पाणी आधी चांगल्या हाताने बघायचं. कळांनी बेजार झालेल्या माणसाला चटका समजत नाही. काट्याचं दुखणं थांबतं आणि भाजल्याचं मागे लागतं. सगळ्यात खाली तटरक्षक दलाचा नंबर, १५५४. तो मी मोठ्या अक्षरात लिहिते.

प्रवासवैद्यक म्हणतात ते हेच, असं मला आता वाटतं. शिकले तेव्हा असं वाटत नव्हतं. मुंबईत पीतज्वराची लस देण्याच्या कामात माझी सुरुवातीची वर्षं गेली. समोर आफ्रिकेला निघालेले इंजिनिअर आणि व्यापारी जहाजांवर चाललेली पोरं असत. लस टोचायची, पिवळ्या पुस्तिकेवर शिक्का मारायचा, दाखला दहा दिवसांनी लागू होईल हे बजावायचं. पूर्वी तो दहा वर्षं चाले. ११ जुलै २०१६ पासून जन्मभर चालतो. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, म्हणून हा बंदोबस्त इतका कडक. ते काम मला मनापासून आवडायचं. माणूस निघण्याआधी भेटतो, त्याला कुठे जायचंय हे तो स्वतः सांगतो, आणि आजार व्हायच्या आधीच त्याची वाट अडवता येते. डॉक्टरच्या नशिबी असं सुख क्वचित येतं.

मग डहाणूला आले. इथे माणूस परत आल्यावर भेटतो, आणि कुठे होता हे सांगत नाही.

तलासरीकडचा एक मुलगा जूनमध्ये तापाने आला. कुडकुडत होता. रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला. मी विचारलं, "कुठून आलास?" तो म्हणाला, "घरून." मी क्लोरोक्विन दिलं, पुढच्या चौदा दिवसांसाठी प्रायमाक्विन लिहून दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. ऑगस्टमध्ये तो पुन्हा आला, तसाच कुडकुडत. या खेपेला बरोबर आई होती. तिच्याकडून कळलं की दिवाळीपासून तो भिवंडीकडच्या वीटभट्टीवर होता, तिथे दोनदा ताप आला होता, दोन्ही वेळा तीन दिवसांच्या गोळ्या घेऊन उठला होता. माझ्या गोळ्याही ताप उतरल्यावर त्याने सोडल्या होत्या. व्हायवॅक्सचा जंतू यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतो. त्याला तिथून काढतं ते प्रायमाक्विन, आणि तेच चौदा दिवस याला कधी मिळाले नव्हते. ते देण्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणीही हवी. ते एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या रक्तपेशी या औषधाने फुटतात. तीही मी केली नव्हती.

चूक माझ्या प्रश्नात होती. घरून आलेल्याला कुठून आलास विचारलं तर तो घरूनच म्हणणार. तेव्हापासून मी विचारते, गेल्या पावसाळ्यापासून कुठे कुठे होतास, कुठे झोपायचास, पाणी कुठलं प्यायचास. याला वेळ लागतो. बाहेर रांग वाढते. वाढू दे.

या प्रश्नाने माझ्यासमोर नकाशाच उलगडला. डहाणू-तलासरीची किती पोरं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात! कित्येक दिवस किनारा दिसत नाही. दाटीवाटीने झोपायचं, टाकीतलं पाणी प्यायचं. दोन आठवडे खोकणारा एक जण असला तर सगळ्यांचा खोकला ऐकावा लागतो, थुंकी तपासावी लागते. कधी समुद्रातली न दिसणारी सरहद्द ओलांडली जाते आणि बोट पकडली जाते. मग कराचीचा तुरुंग, आणि वर्षांनी वाघा ओलांडून घर. अशा माणसाचं वजन मी आधी करते. प्रश्न पुढच्या भेटीला. झोप लागते का, एवढं मात्र त्याच दिवशी विचारते.

३० ऑगस्ट २०२४ ला डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि ज्यांची कव, म्हणजे मासेमारीची जागा, जाणार त्यांची भीती मी रोज ऐकते. बंदर झालं तर परदेशी जहाजांवरच्या खलाशांची आरोग्याची कागदपत्रं तिथे बारकाईने पाहिली जातील, ती पाहायलाच हवीत. वेरावळहून मे महिन्याच्या शेवटी उतरणाऱ्या आमच्या खलाशाकडे मात्र साधी चिठ्ठीही नसते. म्हणून मी एक कार्ड छापून घेतलं आहे, खिशात मावेल एवढं. कोणता ताप, कोणती गोळी, किती दिवस. ते प्लास्टिकमध्ये घालून देते, कारण घामाने नाही तर खाऱ्या पाण्याने कागद विरतो.

तलासरीकडच्या त्या मुलाचं कार्ड त्याच्या आईने भरून घेतलं. जी-सिक्स-पीडीची तपासणी ठीक आली, तेव्हा प्रायमाक्विनचे चौदा दिवस तिने कोळशाने कुडाच्या भिंतीवर रेघा मारून मोजले. पंधराव्या दिवशी ती एकटीच आली. मुलगा बोटीवर गेला होता. "ओख्याला," ती म्हणाली, मी विचारायच्या आधीच.