तीन बोटं, एक सूर

गिटारचा सूर अल्पायुषी असतो. व्हायोलिनवर गज ओढत राहता येतो, बासरीत फुंकर लांबवता येते. गिटारची तार छेडली की आवाज लगेच विरायला लागतो. मी मिरजेची. आमच्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात आणि सुराला लांब आस येते. नायलॉनच्या तारांची गिटार हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा ही आसच हरवल्यासारखी वाटली.

मग फ्रान्सिस्को तार्रेगाचं 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा' ऐकलं. तार्रेगा १८५२ मध्ये स्पेनच्या भूमध्य किनाऱ्याजवळ जन्मला. ही रचना ग्रानादातल्या आलाम्ब्रा राजवाड्याच्या आठवणीची. हेडफोन लावून ऐका. वर एक सूर थरथरत, न तुटता चाललेला असतो आणि खाली दुसरंच कुणी वाजवतंय असं वाटतं. वाजवणारा एकटाच. अंगठा खालचे सूर घेतो आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागून अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकच सूर पुन्हा पुन्हा छेडतात. याला ट्रेमोलो म्हणतात. फ्लामेन्कोवाले बहुधा तिनाऐवजी चार आघात करतात, म्हणून त्यांचा ट्रेमोलो अधिक दाट.

ही युक्ती अटलांटिकपारही गेली. पॅराग्वेत जन्मलेल्या आगुस्तिन बार्रिओसची शेवटची रचना ट्रेमोलोचीच आहे. तो गेला त्याच वर्षीची, १९४४ची. नावाचा अर्थ 'देवाच्या प्रेमाखातर एक भिक्षा'. असं सांगतात की एक म्हातारी दार वाजवून भीक मागत होती. ती थाप त्यानं खालच्या सुरांत ठेवली. वरचा सूर वाहत राहतो, खाली कुणीतरी दार ठोठावत राहतं.

मी अजून मेट्रोनोम साठवर ठेवून वाजवते. या वेगाला अखंड काही ऐकूच येत नाही. सुटे आघात आणि मधल्या फटी. तिन्ही बोटांतलं अंतर सारखं ठेवायचं, एवढंच काम.

बाबा गेल्यापासून आई मिरजेत एकटी असते, मी पुण्यात. रोज रात्री फोन. "जेवलीस का? झोप होते ना? कधी येतेयस?" हेच तीन प्रश्न. पूर्वी मी वैतागायचे, रोज काय तेच तेच! हल्ली सावकाश, एकेका प्रश्नाला उत्तर देते. मग मीही तिला तेच तीन विचारते.