आपला गडी, त्यांचा संघ

मुलांनो, कबड्डी म्हटलं की आपल्या रायगडात अंगात वारं शिरतं. महाडजवळचं आमचं सव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. पण संध्याकाळी पोरं मातीत रेघा मारतात ती कबड्डीसाठीच!

चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई तुम्हांला माहीत असेल. २०१८ च्या प्रो कबड्डीत यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. त्याने चढाया गाजवल्या आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. माझ्या वर्गातला एक जण फुरंगटून म्हणाला, "बाई, मग तो आपला कुठं राहिला?"

मला नाही तसं वाटत. चढाई करणाऱ्याचे गुडघे किती वर्षं साथ देणार? चांगला पैसा मिळत असेल तर त्याने जरूर जावं.

मला खटकतं ते वेगळंच. गावोगावच्या स्पर्धांतही काही संघ पैसे मोजून बाहेरचे गडी आणतात. ढाल मिळते, फटाके वाजतात. आणि वर्षभर घाम गाळलेला गावचा पोरगा राखीव म्हणून कडेला बसतो, पाण्याच्या बाटल्या सांभाळत. त्याच्या वाट्याला चढाई कधी यायची?