पॅटनच्या अंदर

नगरच्या रणगाडा संग्रहालयात लहान मुलांना न्यायचं तर सकाळीच. उन्हात लोखंड तापतं आणि मुलं हात लावल्याशिवाय राहत नाहीत. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीत माझा मुलगा रमला. मी थांबलो पॅटनपाशी.

१९६५ च्या युद्धात असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं पाकिस्तानचे असे पॅटन फोडले. १० सप्टेंबरला ते शहीद झाले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आपल्याकडे हे नाव बहुतेकदा कुणी संशय घेतला की निघतं, खिशातल्या दाखल्यासारखं. मुलांपुढे मला ते तसं काढायचं नव्हतं. म्हणून नुसती लढाई सांगितली: उसाच्या शेतात मुद्दाम सोडलेलं पाणी, चिखलात रुतलेले अवजड रणगाडे, उभ्या पिकात दबा धरून बसलेली एक उघडी जीप. ऊस चिखलात कसा रुतवतो हे आमच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

"अब्बा, अंदरवाले बाहर निकले?" धाकटीनं विचारलं.

"काही निघाले. काही नाही."

वरच्या गोल झाकणाकडे ती बराच वेळ बघत राहिली.