दिवा आणि खाट

रिकाम्या खोलींतला दिवा मालविल्याखेरीज मला झोंप येत नाहीं. नातू हंसतो. म्हणतो, “आजोबा, विजेसाठीं कोळसा जाळणेंच थांबविलें पाहिजे!” माझी काटकसर गेल्या टंचाईची, त्याची येणाऱ्या शतकाची.

२०२० च्या मार्चमध्यें इटलींतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेनें लिहिलें कीं, अतिदक्षता विभागांतील खाटा अपुऱ्या पडल्यास वयाची मर्यादा घालावी लागूं शकेल. “योग्यच आहे,” मी म्हणालों, “ज्याचें आयुष्य उरलें आहे, त्याला खाट मिळावी.” भविष्याचा हा कैवारी मात्र उसळला, “आजीला हें तुम्ही सांगाल?”

स्वतःची खाट मीं सहज देऊं केली होती. तिच्या खाटेचा हिशेब केलाच नव्हता. त्या रात्रीं सगळे दिवे मालविले. तिच्या उशाचा तेवढा राहूं दिला.